उपनगरांतील पर्जन्य आणि त्याचे मोजमाप

मुंबईच्या उपनगरांत पडणारा पाऊस ही एकाच वेळी संपत्ती आहे आणि आपत्तीही आहे. जे पाणी विहार आणि तुळशी या तलावांत साठून नगराची तहान भागविते, तेच पाणी सांडव्यावरून ओसंडून मिठी नदीत उतरले म्हणजे कुर्ला आणि कलिना येथील वस्त्यांत शिरते. असे असूनही या दोन बाजूंचा विचार आपल्याकडे बराच काळ निरनिराळ्या कार्यालयांत आणि निरनिराळ्या मापांनी होत आला. पाणीपुरवठ्याचा अभियंता संपूर्ण ऋतूच्या पर्जन्यमानावर आपला हिशेब मांडतो. हवामानशास्त्रज्ञ चोवीस तासांची नोंद प्रमाण मानतो. आणि नाल्याचा आकार ठरविणाऱ्याला एका तासात किती पाऊस पडेल एवढेच जाणून घ्यावयाचे असते. पाऊस एकच, परंतु त्याची मापे तीन.

गेल्या वीस वर्षांत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या तिन्ही मापांना एकत्र आणण्याचा जो प्रयत्न चालविला आहे, त्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे. या संस्थेत २०१२ मध्ये हवामानविषयक अध्ययनाचा आंतरशाखीय उपक्रम सुरू झाला. स्थापत्य अभियांत्रिकी, पर्यावरणशास्त्र, गणित आणि सामाजिक शास्त्रे यांतील अध्यापक त्यात एकत्र आले. त्यांच्या कार्याची नुसती यादी देण्यापेक्षा त्यातून निघणाऱ्या एका तत्त्वाकडे वाचकांचे लक्ष वेधणे अधिक उपयुक्त होईल. ते तत्त्व असे : नैसर्गिक साधनसंपत्तीची व्यवस्था ज्या मोजमापावर उभी असते, ते मोजमाप प्रत्यक्ष घटनेच्या आकाराशी जुळले पाहिजे. ते न जुळल्यास व्यवस्था कितीही काटेकोर असली तरी ती नेमक्या प्रसंगी कोसळते.

भूमी आणि जल

प्रथम या प्रदेशाची रचना ध्यानात घेऊ. साष्टीच्या मध्यभागी, पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेस मुलुंड व भांडुप यांच्या दरम्यान, टेकड्यांचा एक पुंजका आहे. त्याची उंची काही ठिकाणी चारशे मीटरांहून अधिक भरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रायः याच टेकड्यांवर पसरले आहे. उपनगरांतील चारही प्रमुख नद्या या उंचवट्यातून निघतात. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या पश्चिमेकडील खाड्यांना मिळतात. मिठी ही विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून सुमारे १८ किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडीत विसर्जित होते. मुलुंड आणि भांडुप येथील नाले ठाण्याच्या खाडीकडे वाहतात. या सर्व प्रवाहांची लांबी अल्प असून त्यांचा उतार आरंभी तीव्र आणि पुढे जवळजवळ सपाट होतो. यामुळे टेकडीवर पडलेले पाणी सखल भागात पोहोचण्यास फारसा वेळ लागत नाही, आणि तेथे पोहोचल्यावर मात्र त्याला पुढे सरकण्यास वाव उरत नाही.

या टेकड्यांवरील पाण्याची व्यवस्था फार प्राचीन आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात, आणि तेथील ब्राह्मी लेखांत अशा टाक्यांच्या दानाचा उल्लेख ‘पोढी’ या शब्दाने केलेला आढळतो. प्रत्येक लेण्याच्या दर्शनी भागावर पडणारे पाणी बारीक पन्हळींनी जवळच्या टाक्यात नेलेले आहे. पाऊस जेथे पडतो तेथेच तो धरावा, हे सूत्र त्या कारागिरांनी अंगीकारलेले दिसते.

अर्वाचीन काळात हे सूत्र बदलले. मिठीच्या उगमाजवळ बांधलेला विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. तुळशी तलाव १८७९ मध्ये तयार झाला. पवईचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. परंतु त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. पुढे नगराने आपली दृष्टी उत्तरेकडे वळविली : १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज सात जलाशयांची एकूण साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरली जाते. त्यांपैकी उपनगरांच्या हद्दीतील विहार आणि तुळशी यांचा वाटा अनुक्रमे २७,६९८ आणि ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण साठ्याच्या सुमारे अडीच टक्के इतकाच आहे. अर्थात जो पाऊस आपल्या अंगणात पडतो त्याच्याशी नगराचा संबंध मुख्यतः तो लवकरात लवकर समुद्रात लोटून देण्यापुरताच राहिला. या संबंधाची खरी कसोटी २००५ साली लागली.

दोन वेधशाळा, दोन पाऊस

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासून पुढील चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. विहार तलावाच्या परिसरात तर हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद आहे. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यातील अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांपेक्षा अधिक नाही. तथापि एका ठिकाणचा पाऊस दुसऱ्या ठिकाणच्या जवळजवळ तेरापट होता. सांताक्रूझ येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने जितका पाऊस पडतो, त्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक पाऊस एका दिवसात कोसळला. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात समुद्राला मोठी भरती आली. महाराष्ट्रात या पर्जन्यकाळात हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यांतील शेकडो मुंबईतील होती.

त्या काळी नगरातील पावसाचा अंदाज प्रामुख्याने या दोन वेधशाळांवरून बांधला जाई. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ती सुमारे ५०९ मिलिमीटर येते. ही संख्या गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु ती कुलाब्यासही लागू पडत नाही आणि सांताक्रूझासही नाही. घाटकोपर, पवई किंवा अंधेरी येथे कोणत्या घटकेला किती पाऊस पडत होता हे त्यावरून मुळीच समजत नाही. प्रसंग घडत असता, पाणी कोठे प्रथम चढेल हे सांगण्यास जे ज्ञान हवे होते, ते गोळा करण्याची व्यवस्थाच नव्हती. या आपत्तीनंतर राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि तिने २००६ मध्ये आपला अहवाल सादर केला.

ही विषमता केवळ २००५ चे वैशिष्ट्य होते असे समजण्याचे कारण नाही. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसात चित्र अगदी उलट दिसले : चोवीस तासांत कुलाब्यास सुमारे ३३२ मिलिमीटर, तर सांताक्रूझला त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा उत्तरेकडे पाऊस नेहमीच अधिक पडतो, असा सोपा नियम बांधूनही भागत नाही.

पंचवीस मिलिमीटरांचा अर्थ

नाल्याचा आकार कसा ठरतो हे येथे थोडे विस्ताराने पाहणे इष्ट होईल. एखाद्या क्षेत्रातून वाहून येणारे पाणी तीन गोष्टींच्या गुणाकाराने काढतात : त्या क्षेत्राचे क्षेत्रफळ, पावसाची ताशी तीव्रता आणि पडलेल्या पावसाचा किती अंश जमिनीत न मुरता वाहून जातो हे दर्शविणारा अपवाह-गुणांक. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ इतका गुणांक गृहीत धरून, शिवाय समुद्रास ओहोटी आहे असे मानून आखल्या गेल्या होत्या. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही मर्यादा ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक १ अशी वाढविण्याची शिफारस केली.

या आकड्यांचा अर्थ एक चौरस किलोमीटर क्षेत्र घेऊन स्पष्ट करता येईल. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,००० घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर पाणी जमा होते. जुन्या गृहीतकानुसार त्या क्षेत्रातून तासाला १२,५०० घनमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे साडेतीन घनमीटर पाणी वाहावयास हवे. नव्या शिफारशीनुसार हाच प्रवाह सेकंदास सुमारे १४ घनमीटर, म्हणजे चौपट होतो. आणि ताशी १९० मिलिमीटर पाऊस पडून तो सर्व वाहून गेला, तर प्रवाह सेकंदास सुमारे ५३ घनमीटरांवर जातो. जुन्या वाहिनीच्या क्षमतेच्या हा पंधरापट आहे, आणि नव्या क्षमतेच्याही जवळजवळ चौपट.

यावरून दोन अनुमाने निघतात. पहिले असे की, पावसाची तीव्रता तीच राहिली तरी केवळ जमीन झाकली गेल्यामुळे प्रवाह दुप्पट होऊ शकतो, कारण ०.५ चा गुणांक १ झाला म्हणजे तेवढेच घडते. शेते, मैदाने, मिठागरे आणि कांदळवने यांच्या जागी इमारती व रस्ते आले की हा गुणांक वाढत जातो. म्हणून भूमीचा वापर हा हवामानाच्या तोडीचा घटक ठरतो. दुसरे असे की, ५० मिलिमीटर ही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नव्हे. किती खर्च करावयाचा आणि किती धोका पत्करावयाचा, यांविषयीचा तो सामाजिक निर्णय आहे. तो निर्णय भूतकाळातील नोंदींवर आधारलेला असतो, आणि पावसाचा स्वभाव बदलत नाही हे त्यामागील अव्यक्त गृहीतक असते. हवामानबदलाच्या अभ्यासाने नेमका याच गृहीतकाला धक्का दिला आहे.

सरासरीच्या आड काय दडते

उष्ण हवेत अधिक बाष्प मावते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राने दिलेले प्रमाण आहे. परंतु यावरून पाऊस सर्वत्र सात टक्क्यांनी वाढेल असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बाष्प कोठे एकवटेल आणि कोठे वर चढेल हे वाऱ्यांवर, सह्याद्रीसारख्या पर्वतरांगांवर आणि किनाऱ्यालगतच्या लहान आवर्तांवर अवलंबून असते.

भारतातील नोंदींचा अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे प्रसंग घटले, आणि या दोहोंची परस्परांत वजावट होऊन ऋतूची सरासरी मात्र जवळजवळ स्थिर राहिली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या कालखंडाचा विचार करून, गुजरात व महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे मांडले, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउतारांशी जोडला.

पवईच्या संस्थेतील सुबिमल घोष आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये याच प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. संपूर्ण मध्य भारताचा एक आकडा काढण्याऐवजी त्यांनी प्रत्येक स्थळाची नोंद स्वतंत्रपणे तपासली. तेव्हा सर्वत्र सारखी वाढ दिसून आली नाही. काही ठिकाणी वाढ, तर काही ठिकाणी घट आढळली. परंतु एका स्थळाच्या आणि दुसऱ्या स्थळाच्या आत्यंतिक पावसातील तफावत मात्र वाढत चालल्याचे निष्पन्न झाले. वरवर पाहता हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे वाटेल. वस्तुतः पहिला निष्कर्ष विस्तृत प्रदेशाच्या मापाचा आहे आणि दुसरा स्थानिक मापाचा. दोन्ही आपापल्या मापावर खरे आहेत. नाला बांधणाऱ्याला मात्र दुसऱ्या निष्कर्षाची गरज अधिक आहे, कारण नाला एका स्थळी असतो, प्रदेशाच्या सरासरीत नसतो.

याच दिशेने पुढचे पाऊल म्हणजे सुपंथा पॉल, घोष आणि सहकारी यांनी २०१८ मध्ये मुंबईच्या अतिवृष्टीवर केलेले संशोधन. संगणकीय प्रतिमानात मुंबईतील अतिवृष्टीचे प्रसंग त्यांनी पुन्हा घडवून पाहिले आणि त्यात नगराच्या बांधीव स्वरूपाचा परिणाम निरनिराळ्या रीतींनी अंतर्भूत केला. इमारतींची उंची, त्यांची दाटी आणि त्यांनी धरून ठेवलेली उष्णता यांमुळे पावसाची तीव्रता आणि स्थलपरत्वे असणारी त्याची विषमता वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे नगर हे पावसाचे निव्वळ भक्ष्य नसून काही अंशी त्याचे घडविणारेही आहे. अपवाह-गुणांकाच्या द्वारे ते पाण्याचा प्रवाह वाढविते, आणि हवेच्या द्वारे प्रत्यक्ष पावसाचे वाटपही बदलते.

मोजमापाचे जाळे

पाऊस इतका विषम असेल तर तो मोजण्याची साधनेही तितकीच जवळजवळ असावयास हवीत. याच संस्थेतील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक कपिल गुप्ता यांच्या सहकार्याने महानगरपालिकेने २००६ पासून अग्निशमन केंद्रांसारख्या इमारतींच्या छपरांवर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले, आणि ते दर पंधरा मिनिटांनी नोंदी पाठवू लागले. पुढे त्यांची संख्या वाढविण्यात आली. १४ जानेवारी २०२२ रोजी अंधेरी पूर्वेकडील वेरावली येथे हवामान विभागाचे डॉप्लर रडार कार्यान्वित झाले. २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने मुंबईसाठी एकात्मिक पूर-पूर्वसूचना प्रणाली सुरू केली होती. २०२४ मध्ये पवईच्या संशोधकांनी विभागवार ताशी पर्जन्याचा अंदाज आणि नागरिकांनी कळविलेल्या पाणी साचल्याच्या नोंदी एकत्र करणारी प्रायोगिक व्यवस्था लोकांसमोर ठेवली.

पंधरा मिनिटांच्या नोंदीचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. हवामान विभागाच्या वर्गीकरणात चोवीस तासांतील ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसास ‘अति जोरदार’ म्हणतात. १२० मिलिमीटर पाऊस दिवसभर समान पडला तर तो ताशी ५ मिलिमीटर होतो आणि जुनी वाहिनीसुद्धा तो निर्वेध वाहून नेते. तोच पाऊस दोन तासांत पडला तर ताशी ६० मिलिमीटर होऊन नवी वाहिनीही अपुरी पडते. दैनिक नोंदवहीत हे दोन्ही दिवस एकाच वर्गात बसतील. अंधेरीच्या भुयारी मार्गात मात्र ते एकसारखे ठरणार नाहीत. शिवाय बहुतेक वाहिन्यांची मुखे भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे तो पाऊस कोणत्या घटकेला पडला हेही कळावे लागते. २०११ पासून चालू झालेल्या इर्ला येथील उदंचन केंद्रासारखी केंद्रे याच अडचणीवरील उपाय आहेत.

मोजमापाला व्यवहाराची जोड मिळाली म्हणजे लाभ किती होतो, याचाही अंदाज झालेला आहे. निकोला रेंजर आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, २००५ सारख्या प्रसंगाची शक्यता या शतकाच्या उत्तरार्धात दुपटीहून अधिक होऊ शकते. परंतु जलनिःसारणाची व्यवस्था सुधारल्यास शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे नुकसान ७० टक्क्यांपर्यंत घटविता येईल.

संपत्ती म्हणून पाऊस

आतापर्यंत पावसाचा आपत्ती म्हणून विचार केला. संपत्ती म्हणून त्याचा हिशेब मांडल्यास काय दिसते? राष्ट्रीय उद्यानाएवढ्या, म्हणजे सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर सांताक्रूझइतकाच पाऊस २६ जुलैला पडला असे मानू. ते पाणी ९४,४०० दशलक्ष लिटर भरते. नगराचा दररोजचा पुरवठा सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर असल्याने, एका दिवसाचे हे पाणी सर्व मुंबईच्या चोवीस दिवसांच्या गरजेइतके होते. अर्थात असा पाऊस साठवून ठेवणे शक्य नाही, आणि तसे येथे सुचवावयाचेही नाही. परंतु आपण जे लोटून देतो त्याचे परिमाण तरी यावरून कळावे.

कारण नगर जे पाणी वापरते ते कोणाच्या तरी पाणलोटातून येते. भातसा आणि तानसा हे जलाशय ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते. पवईच्याच संस्थेत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी उपयुक्त तंत्रविद्येचा अभ्यास करणारे ‘सितारा’ हे केंद्र असून ठाणे-रायगडकडील पाणीपुरवठा योजनांचा अभ्यास तेथे झालेला आहे. उपनगरांच्या जलव्यवस्थेचा प्रश्न म्हणून केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही; तो न्याय्य वाटपाचाही होतो. मुंबईत नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारण २००२ पासून एक हजार चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवर आणि २००७ पासून तीनशे चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवर बंधनकारक झाले, हे योग्य दिशेचे पाऊल होय. छपरावरचे पाणी टाकीत किंवा जमिनीत गेले तर नाल्यावरचा भार तेवढा हलका होतो, आणि दूरच्या धरणावरचाही.

पुढील कार्याची दिशा

या सर्व विवेचनावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती घेण्याजोगी काही कामे सुचतात. पहिले काम अपवाह-गुणांकाचे. तो बहुधा पुस्तकातून घेतला जातो. पोईसर किंवा ओशिवरा यांसारख्या एखाद्या छोट्या पाणलोटात पाऊस आणि प्रवाह एकाच वेळी मोजून तो प्रत्यक्ष काढता येईल. दुसरे काम सीमांचे. पर्जन्यमापकांच्या नोंदी महापालिकेच्या विभागांप्रमाणे वाचल्या जातात. पाणी मात्र पाणलोटाच्या रेषेने वाहते. म्हणून त्या नोंदी पाणलोटवार पुन्हा मांडल्या पाहिजेत. तिसरे काम सातत्याचे. पावसाच्या स्वभावातील बदल दहा-पंधरा वर्षांच्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. २००६ मध्ये उभारलेल्या जाळ्याची खरी किंमत ते पन्नास वर्षे अखंड चालले तरच वसूल होईल. एखादे यंत्र हलविले, बंद पडले किंवा नव्या इमारतीच्या आडोशाला आले, तर तेही तितक्याच दक्षतेने नोंदून ठेवावयास हवे.

अशा नित्याच्या नोंदीला प्रतिष्ठा थोडी आणि कष्ट फार. परंतु ५० मिलिमीटर पुरेसे की अपुरे, कोणत्या नाल्याला आधी रुंद करावयाचे, कोणते कांदळवन वा मिठागर कोणत्याही मोबदल्यात मोकळेच ठेवावयाचे, या निर्णयांना शेवटी याच नोंदींचा आधार घ्यावा लागणार आहे. तो आधार नसेल तर निर्णय थांबणार नाहीत. ते दोन वेधशाळांच्या सरासरीवर घेतले जातील, आणि त्यांची किंमत मिठीच्या काठावरील माणसांना मोजावी लागेल.